घरचा नमुना

"इतकी वर्षं उकळून भागत होतं… आता म्हणे भाजा. काचेला काय हुडहुडी भरलीय?"

हे तिच्या उजव्या कानाशी, अगदी खांद्याला खांदा लावून, मावशी स्वतःशीच म्हणत होत्या, आणि तिच्या बोटांत होती ती चांदीच्या कागदात गुंडाळलेली करंगळीएवढी काचेची नळी. भट्टीतून काढून पाऊण तास झाला तरी अजून कोमट – ताप उतरत आलेल्या कपाळाइतकी कोमट – आणि ती खाली ठेवायचं काही तिच्या हाताला सुचत नव्हतं. मावशी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतात, बावीस वर्षं धुतायत, आणि अडीचशे अंशांवर भाजलेल्या नळ्या ट्रेमध्ये लावताना त्यांची ही कुरकूर रोज सकाळी चालते. रोज ती त्यांना तेच उत्तर देते. दोघींची ती एक प्रकारची रामरामीच झाली आहे.

"उकळून जंतू मरतात, मावशी. त्यांच्या अंगावरचं विष मरत नाही."

"मेल्यावरही?"

"मेल्यावर तर अंग फुटून जास्तच बाहेर पडतं."

"माझी सासू होती तसली," मावशी म्हणाल्या आणि ट्रे उचलून चालू लागल्या.

एरवी ती हसली असती. आज हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसून राहिलं, दवाखान्यातल्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसतात तसं. कारण दहा वाजता साहेब येऊन गेले होते, हातात वरच्या मजल्यावरून आलेला एक कागद घेऊन, आणि त्या कागदावर जे आडनाव होतं ते तिचंच होतं.

ह्या खोलीत काम एकच. रक्त द्यायला येणाऱ्या माणसांच्या रक्तात त्या विषाला ओळखणारी प्रतिपिंडं किती आहेत ते मोजायचं. विषाचं पुस्तकातलं नाव एंडोटॉक्सिन. खोलीत सगळे नुसतं 'विष' म्हणतात. काही माणसांच्या रक्ताची त्याच्याशी जुनी ओळख असते, दिसलं की ते झेप घालून त्याला धरतं. काहींचं रक्त मात्र रस्त्यात समोरून अनोळखी माणूस यावा तसं जरा बाजूला सरकतं आणि त्याला वाट देतं… शहाण्णव खळग्यांची एक पारदर्शक प्लेट असते, खळग्याखळग्यात एकेकाचं रक्त थेंबभर, मग रसायनं, मग निळा रंग, मग आम्लाचा शेवटचा थेंब टाकला की निळ्याचा पिवळा. जितका पिवळा गडद तितकी ओळख पक्की.

आणि गडद म्हणजे किती गडद हे ठरवायला एक माप लागतं. बाहेरून मागवलेलं माप कधी वेळेवर येत नाही, आलं तर वाटेत वितळून येतं. म्हणून इथली फार जुनी पद्धत अशी, की काम करणाऱ्यांनीच आपलं रक्त काढून द्यायचं, त्यातलं जोरकस ते माप म्हणून वापरायचं. त्याला म्हणतात घरचा नमुना. गेली नऊ वर्षं घरचा नमुना म्हणजे ती. तिच्या खळग्याइतका पिवळा खळगा ह्या खोलीत आजवर दुसरा झालेला नाही. आल्यागेल्या प्रत्येकाचं रक्त तिच्या रक्ताशी ताडून बघतात आणि मग लिहितात – कमी, मध्यम, बरं. नवीन आलेल्यांना सांगतात, ह्या आमच्या पिवळ्याबाई, ह्यांच्याशी भांडायचं नाही, ह्यांचं रक्त काही विसरत नाही.

इतक्या वर्षांनी हे टिकतं कसं, असं तिनं एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, पोटात जंतू राहतातच की आपल्या, ते रोज थोडीथोडी आठवण करून देत असतील. थोडीथोडी आठवण! साहेब भला माणूस. त्यांना वाटलं आपण आतड्याबद्दल बोलतोय.

कागद पुढं धरून आज सकाळी ते म्हणाले होते, "वय त्र्याहत्तर. लघवीतून संसर्ग रक्तात गेलाय, रक्तदाब धरत नाही. वरच्या डॉक्टरांना आपल्या जोरकस रक्तवाल्यांच्या यादीतला प्लाझ्मा हवाय. प्रयोगच आहे हो, हमी कुणीच देत नाही… पण मागतायत." यादीत रक्तगट जुळणारे तिघं. एक गावाला गेलेला, एकाला स्वतःलाच ताप. "राहिलात तुम्ही." मग त्यांनी चष्मा वर सरकवून नाव पुन्हा वाचलं. "आडनाव तुमचं दिसतंय."

"थोरले दीर."

"अरे! मग तर बरंच झालं," साहेब म्हणाले.

बरंच झालं. हे दोन शब्द तिनं उचलून खिशात टाकले, आणि तेव्हापासून, प्लेट धुताना, थेंब सोडताना, नोंद करताना, मधूनमधून त्यांना बोटानं चाचपून बघत होती. बरंच झालं. सोळा वर्षं थांबले, ते बरंच झालं. तीनपर्यंत सांगा म्हणाले, म्हणजे यंत्र लावता येईल. माझ्या हो-नाहीवर तो माणूस अडून आहे – घड्याळ बघून अडून आहे – आणि मी इथं बसून नळ्यांवर आकडे घालतेय. हेही बरंच झालं.

सोळा वर्षांपूर्वी पुरानं पूल गेला होता आणि मागोमाग पोटाची साथ आली होती. भाऊजींचा दवाखाना घराच्याच खालच्या मजल्यावर, बारा खाटांचा. ती तिथली कंपाउंडर म्हणा, नर्स म्हणा, धाकटी सून म्हणा, जे हाताला येईल ते करायची. एकेका खाटेवर दोन-दोन माणसं. तिसऱ्या दिवशी सलाईनच्या बाटल्या संपल्या. आणि टिल्ली – तिची एकुलती, सात वर्षांची, वयाच्या मानानं इतकीशी की शाळेत तिला पहिल्या बाकाच्याही पुढं स्टुलावर बसवायचे – टिल्लीचे डोळे खोल गेले होते आणि कातडीला चिमटा काढला तर तो तसाच उभा राहत होता. भाऊजी दारात आले. उपकरणांसाठी आणलेलं शुद्ध पाणी आहे ना पिंपात, ते म्हणाले, त्यात मीठ मोजून घाला, रिकाम्या बाटल्या भरा, आणि वीस मिनिटं उकळा. उकळलं की सगळं मरतं. एवढं बोलून ते वळून पुढच्या खाटेकडं गेले. ती पाठ! पांढऱ्या सदऱ्यावर घामाचा नकाशा उमटलेली ती रुंद पाठ तिला आजही कुणी भिंतीवर काढायला सांगितली तर काढता येईल.

पाणी नऊ दिवसांचं होतं. पिंपाचं झाकण नीट बसत नव्हतं. त्यात काय वाढलं असेल, ते मेल्यावर काय मागं उरलं असेल… पण आठवण इथून पुढं सरळ जात नाही, ती पाठीवरून उडी मारून एकदम थरथरीवर जाते. मधलं सगळं वाफेत आहे. मग दोन खाटा शेजारी शेजारी, एकीवर टिल्ली आणि एकीवर ती स्वतः, कारण सकाळपासून तीही त्याच दुखण्यानं वाकली होती आणि कामाच्या भरात कुणाला बोलली नव्हती. दोघींना त्याच पाण्याच्या बाटल्या. अर्ध्या तासात थंडी वाजून आली, अशी की खाटेचे पाय फरशीवर खडखडायला लागले, आणि तिला वाटलं आपलीच खाट वाजतेय. टिल्लीचीही वाजत होती. हे तिला नंतर कळलं. शुद्ध आली तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते, आणि शेजारच्या खाटेवर धुतलेली चादर होती, कोपरे चापूनचोपून दुमडलेली.

ताप डोक्यात गेला, घरात सांगितलं. तेवढंच आयुष्य होतं पोरीचं, आले-गेले म्हणाले. थरथरले तर त्या दिवशी सगळेच होते, पण बावीस माणसं वाचली, आणि ती भाऊजींनी वाचवली. पूल दुरुस्त झाल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि सत्काराचा फोटो दवाखान्यात अशा जागी लावला की औषध घ्यायला येणाऱ्यानं तो बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये. फोटोत ते हसत नाहीत. लोक म्हणायचे, केवढी नम्रता. ती म्हणायची – मनात म्हणायची – बावीस मोजा, भाऊजी. मोजत राहा. तेविसाव्या आकड्याशी थांबून बघा कधीतरी.

तेव्हा तिला पाण्याचं काही माहीत नव्हतं. नुसता राग होता, आंधळा, भिंतींना आपटत फिरणारा. दवाखाना सोडून ती इथं भांडी धुवायला लागली, मावशींच्या हाताखाली. रिकाम्या वेळात पुस्तकं वाचायची, कळलं नाही तर पुन्हा वाचायची, शब्दकोश मांडीवर घेऊन. आणि एक दिवस नळ्या भाजताना मावशींनी हीच कुरकूर केली आणि साहेब जाताजाता म्हणून गेले, जंतू मेला तरी त्याचं विष मरत नाही, कितीही उकळा. एवढंच. साहेब पुढं निघूनही गेले. ती नळ्यांचा ट्रे ठेवून मागच्या संडासात जाऊन बसली, कडी लावून, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा रागाला दिसायला लागलं होतं.

त्याला आता तेरा वर्षं झाली. तेरा वर्षं हे ज्ञान तिनं जपलं, ठेवणीतलं वस्त्र जपावं तसं, योग्य दिवसासाठी. घरी कुणाला बोलली नाही; नवऱ्यालाही नाही. भाऊजींच्या साठीला बोलायचं ठरवलं होतं, भरल्या पंगतीत. बोलली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात बोलायचं होतं, मुलगी हार घालताना. तेव्हाही तिनं फक्त पाहुण्यांना पाणी दिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, अजून नको, हे वाया जाईल, ह्याहून मोठा दिवस येईल. का थांबत होते मी? थांबत होते खरी. दार उघडायला जावं आणि पलीकडून कुणीतरी कडी धरून ठेवलेली असावी, तसं काहीतरी व्हायचं.

आणि आता हा दिवस. बाराच्या सुमाराला फोन वाजला. नवरा.

"दादाचं कळलं?"

"कळलं."

"तुझं रक्त चालेल म्हणतात."

"म्हणतात."

पलीकडं तो नुसता श्वास घेत राहिला. सोळा वर्षं हा माणूस असाच श्वास घेतोय – मुलगी गेली तेव्हा, भावाच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसला तेव्हा. "तू ठरव," तो अखेर म्हणाला, आणि तिला हसूच आलं, कारण लग्नानंतर एवढा मोठा निर्णय त्यानं पहिल्यांदाच तिच्यावर सोडला होता. पडदे कुठले घ्यायचे तेदेखील तो दादाला विचारायचा.

ठरवायचं तर दोन वाटा होत्या, आणि दोन्ही सुडाच्या होत्या, हे तिला ट्रेवर नळ्या उभ्या करताना लख्ख दिसलं. एक साधी – नाही म्हणायचं. जबरदस्ती कुणीच करत नाही. डोकं दुखतंय म्हटलं तरी साहेब चहा पाजून घरी पाठवतील. मग वर त्या खाटेनं वाजायचं तेवढं वाजावं. त्यांनाही कळू दे थंडी काय असते… पण त्यांना कळणार कसं? ते शुद्धीवर नाहीत. ज्याला कळतच नाही त्याच्यावर सूड तो कसला. नुसतं एका म्हाताऱ्या माणसाचं मरण.

दुसरी वाट जास्त गोड होती. द्यायचं. भरभरून द्यायचं. जगू दे त्यांना, आणि माझ्या रक्तावर जगू दे – त्याच पाण्यानं शिकवलेल्या रक्तावर. उठून बसले की जवळ स्टूल ओढून बसायचं आणि शांतपणे सांगायचं, भाऊजी, तुम्ही ज्या पाण्यानं माझी मुलगी मारलीत त्याच पाण्याची ही ओळख आता तुमच्या अंगातून फिरतेय. काढून टाकता येते का बघा. मग कितीही जगा. शंभर वर्षं जगा.

चार वर्षांपूर्वी तिचा प्लाझ्मा पहिल्यांदा घ्यायचा होता तेव्हा साहेब जरा अवघडत म्हणाले होते, बाळंत झालेल्या बाईचा आम्ही तपासल्याशिवाय घेत नाही, कधीकधी आईच्या रक्तात मुलाच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. तपासलं. काही निघालं नाही. "तुमच्या रक्तात मुलीविरुद्ध काहीही नाही," साहेब कागद बघत म्हणाले, रोजच्या सुरात, आणि त्यांना कल्पनाही नाही की तो कागद तिनं मागून घेतला, घरी नेला, आणि कपाटात टिल्लीच्या स्वेटरच्या घडीत ठेवला. रात्री-अपरात्री नाही, चांगलं उन्हातान्हात, भांडी घासताना, बसची वाट बघताना, तिला ते वाक्य आठवतं. ते आठवलं की पाठ ताठ होते.

अडीचला ती हात धुऊन वर गेली. जिना चढताना वाक्य तयार केलं. भाऊजींना ऐकू जाणार नसलं तरी वहिनी होत्या. वहिनींना आधी सांगायचं, तोंडावर, आणि मग वर हसून म्हणायचं, आता देते हं प्लाझ्मा. वाक्य साधं होतं. तुमच्या नवऱ्यानं माझी मुलगी मारली. सात वर्षांच्या मुलीनंही पाठ करावं इतकं साधं.

वॉर्डच्या काचेतून भाऊजी दिसले. केवढे लहान झाले होते. रुंद पाठ कुठं गेली कोण जाणे. पांघरुणाखाली नुसत्या कडा होत्या, आणि त्या कडा थरथरत होत्या. वर टांगलेल्या पिशवीवरचा कारखान्याचा शिक्का तिनं सवयीनं वाचला. सीलबंद, तारीख पुढची, ठीक. ठीक आहे असं मनात म्हटल्याचा तिला राग आला.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर उभी धरून, कुठल्याही क्षणी कुणी उठवेल अशा बेतानं. थोरली जाऊ, सदतीस वर्षांत तिच्याशी भांडली नाही आणि मोकळी बोललीही नाही. ती शेजारी बसली. तिनं तोंड उघडलं.

"देऊ नकोस, नको वाटत असेल तर," वहिनी आधीच म्हणाल्या. काचेकडं बघत. "मी मागायला तुझ्याकडं आले नाही, ते ह्याचसाठी."

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय—"

"टिल्ली सलाईननं गेली, हेच ना?"

वाक्य तिच्या जिभेवर होतं ते तिथंच विरघळलं, चव न लागता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. त्याच संध्याकाळी. पुस्तक काढून बसले होते मांडीवर. म्हणाले, उकळून जात नाही गं ते, मी शिकलो होतो, विसरलो. दोन दिवस घास नाही उतरला." वहिनींनी पर्सची कडी उघडली, मिटली. "सत्काराला जायचं नाही म्हणत होते. मीच ढकलून पाठवलं."

"सोळा वर्षं…" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सोळा वर्षं माहीत होतं. आणि मला एका शब्दानं नाही? माझी मुलगी होती ती."

"म्हणून तर."

"म्हणजे काय, म्हणून तर?"

वहिनी आता तिच्याकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना दया होती ना डंख. फार दिवस जड पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा होता तो, आता खाली ठेवते म्हणणारा.

"पाणी तू उकळलंस ना गं. सांगितलं ह्यांनी, चूक ह्यांची, ते काही मी नाकारत नाही. पण पिंपातून काढलंस तू, मीठ घातलंस तू, बाटल्या भरल्यास तू. तुझी बाटली मी लावली. तिची तू. ह्यांनी तोंड उघडलं असतं तर पहिलं हेच बाहेर आलं असतं. आईला हे सांगायचं कुणी?"

काचेपलीकडं नर्सनं काहीतरी यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजत खाली गेल्या. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती, आणि वाफ हळूहळू विरत होती, आणि वाफेच्या मागं कुणी परकं उभं नव्हतं.

"भाऊजी वीस मिनिटं म्हणाले होते," ती म्हणाली. फार हळू, पण न अडखळता. "मी चाळीस उकळलं. बाकीच्यांचं वीस. तिचं चाळीस."

वहिनी नुसत्या जरा सरकल्या, बाकावर जागा होती तरी, तिच्या बाजूला.

तीनला सात मिनिटं कमी होती. तिनं राग शोधून बघितला. होता, जागच्या जागी होता, एक कणही कमी झालेला नव्हता. फक्त आतापर्यंत तो तिच्या पुढं पुढं चालायचा, हाताला धरून तिला न्यायचा, आणि आता तो थांबून मागं वळला होता आणि तिलाच विचारत होता, कुठं जायचं.